वापरून बघण्याचे तीस दिवस

माझा भाऊ चोर आहे, असं मी त्याला चार वर्षं तोंडावर म्हणत आले. त्याला उलट बोलता येत नव्हतं, म्हणून माझं फावलं.

तो लिलाव पुकारायचा. जुनं फर्निचर, बंद पडलेल्या दुकानांचा माल, मेलेल्या माणसांच्या घरातली कपाटं आणि घड्याळं. लिलावघराच्या लाकडी चौथऱ्यावरून तो 'एक वार, दोन वार' म्हणायला लागला की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं थांबायची. सगळा बाजार त्याला भोंगा म्हणायचा. घरीही काही हळू बोलायचा नाही. मीठ मागायचा तर असं, की शेजारणीनं बरणी घेऊन धावत यावं. मी आयुष्यभर टायपिंगचा वर्ग चालवला. दिवसभर बारा मशीनची खडखड ऐकून डोकं उठलेलं असायचं, त्यात संध्याकाळी हा. अरे हळू बोल, इथे कोणी बहिरं नाही, हे मी त्याला हजार वेळा तरी ऐकवलं असेल. बोलाफुलाला गाठ पडली. साठीला टेकला आणि घसा बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं.

मग त्यानं पाटी घेतली. पाटीवर माझ्याशी एकेका शब्दात बोलायचा. चहा. दार. पोस्टमन. मला वाटायचं, दमत असेल. खरं म्हणजे त्याचं वाक्य लिहून व्हायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी व्हायची, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असायचं, म्हणून त्यानं लांब वाक्यांचा नाद सोडला होता. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. त्यानं दुसऱ्यांना लिहिलेलं वाचून ते मला फार उशिरा कळलं.

लिलावघरानं निरोप देताना त्याला एक कम्प्युटर दिला, कारण त्यावर कोणी बोलीच लावली नव्हती. भोंग्यानं त्याला मोडेम जोडला आणि आमच्या फोनच्या तारेवर एक बोर्ड सुरू केला. मला समजलं तेवढं सांगते. लोक आपापल्या घरून कम्प्युटरनं आमचा नंबर फिरवायचे, आमचं डबडं फोन उचलायचं, दोन्हीकडून जरा किंचाळून व्हायचं, आणि मग ते लोक आधीचे निरोप वाचायचे, स्वतःचे लिहून ठेवायचे. तार एकच, तेव्हा एका वेळी एकच माणूस. बोर्डाचं नाव त्यानं 'पायरी' ठेवलं, कारण लिलाव आटोपला की तो लिलावघराच्या पायरीवर बसून गप्पा हाणायचा. नेमानं येणारे वीस-पंचवीस जण होते. आमचा फोन कायम गुंतलेला. नातेवाइकांना वाटायचं, म्हातारपणी ताईला बोलायला कोणीतरी मिळालेलं दिसतंय.

हे सगळं चालवणारा प्रोग्राम कुणा एका माणसानं घरी बसून लिहिलेला होता. त्याचं म्हणणं असं, की फुकट घ्या, तीस दिवस वापरून बघा, पटलं तर पैसे पाठवून नोंदणी करा, मी तुम्हाला किल्ली पाठवतो. किल्ली म्हणजे आकड्या-अक्षरांची एक ओळ. ती घातली नाही तर एकतिसाव्या दिवशी प्रोग्राम सुरूच होत नाही. आता, समोरच्यानं इतका विश्वास टाकल्यावर माणसानं कसं वागावं? आमचे बंधुराज तीस दिवस भरत आले की कम्प्युटरची तारीख मागे घ्यायचे. पुन्हा तोच महिना, पुन्हा एक तारीख. प्रोग्रामला वाटायचं, हा माणूस आजच आलाय. बाहेर चार वर्षं गेली, त्या डबड्यात एकच महिना फिरत राहिला.

मी एकदा कार्बन पेपर चोरला म्हणून एका मुलीला वर्गातून काढलं होतं. माझ्या घरात हे चालायचं? मी विचारायची, काय रे, चार वर्षं झाली, अजून पटलं नाही का? तो पाटीवर लिहायचा, 'तपासतोय.' आणि खांदे उडवून हसायचा. आवाज नसलेलं हसणं बघणं सोपं नाही. एकदा मात्र जरा लांब लिहिलं: 'नोंदणी केली की महिने पुढे सरकतील.' सरकू देत की, तुझ्या बापाचं काय जातं, असं मी म्हटलं, आणि मग आठवलं की बाप एकच आहे.

त्या बोर्डावर त्यानं माझंही खातं उघडून ठेवलं होतं. नाव 'ताई'. परवलीचा शब्द पाटीवर लिहून माझ्यासमोर धरला. मी भाजी निवडत होते. एका घरात राहून तुझ्याशी त्या डबड्यातून बोलू? मला दुसरी कामं नाहीत? एवढं बोलून मी पुन्हा भाजीत डोकं घातलं. त्यानं बाहीनं पाटी पुसली. नंतर कधी विचारलं नाही.

चौथ्या वर्षी दुखणं फुफ्फुसात उतरलं. अकरा आठवड्यांत सगळं आटोपलं.

तो गेल्यानंतरही डबडं आपलं फोन उचलत होतं, किंचाळत होतं. मी तार उपटायला गेलेच होते, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात एक किडकिडीत गृहस्थ, हातात टोपी. घड्याळं दुरुस्त करतात, बोर्डावर रोज यायचे, भोंग्याला प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाले, तुम्ही ताई ना? मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? तर म्हणाले, पायरीवर तुम्हाला सगळेच ओळखतात. खुर्चीच्या कडेवर बसले, घोटभर पाणी प्यायले, आणि मग माझ्याकडे न बघता बोलले.

"ताई, बंद करू नका. तो तिथे अजून बोलतोय."

मला त्यांचा रागच आला. पण त्या संध्याकाळी मी भोंग्याच्या खुर्चीत बसले. टेबलावर त्याची वही होती, काय केव्हा करायचं ते नीट लिहिलेलं. दर सोमवारी सकाळी सगळ्याची नक्कल तीन फ्लॉप्यांवर घ्यायची. महिना संपायच्या आत तारीख मागे घ्यायची. परवलीचा शब्द मला आठवत होता. विसरणार कशी, आमच्या आईचं माहेरचं नाव होतं ते. आत गेले तर पडद्यावर आलं, ताई, तुमच्यासाठी एकेचाळीस पत्रं आहेत.

खाजगी पत्रं. माझ्याशिवाय कोणालाही दिसणार नाहीत अशी. मी पहिलं उघडलं. 'ताई, आज भाजीत मीठ जास्त होतं. पाटीवर लिहिलं असतं तर तू ताट उचललं असतंस. म्हणून इथे लिहितोय. वाचशील तेव्हा तुझा राग गेलेला असेल.'

कुठला गेलेला! माणूस मरून गेला आणि त्याचं पहिलं पत्र काय, तर भाजीत मीठ. मी तणतणत कम्प्युटर सोडून उठले. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. मग ओट्याला टेकून रडले, किती वेळ ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांना लिहिलेले निरोप वाचायला लागले. पहिल्यापासून, ओळीनं, रोज दहाच. अडीच हजारांवर होते, पुरवून वाचायचे होते. आणि काय सांगू, तो तिथे भडाभडा बोलत होता. एक बाई नवऱ्याचं घड्याळ परत विकत घ्यायला लिलावात आलेली. व्यापाऱ्याचा हात वर जाताना दिसला तसा भोंग्यानं एक वार-दोन वार-तीन वार एका दमात उरकून हातोडा आपटला. व्यापारी महिनाभर त्याच्याशी बोलला नाही म्हणे. कोणीतरी विचारलेलं, ताई फार रागीट आहेत का हो? त्यावर याचं उत्तर: 'ताईचा आवाज माझ्याहून मोठा आहे. तिला फक्त चौथरा मिळाला नाही.' मी हसले आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, गाढवा. वाचताना तो मला ऐकू यायचा, अगदी पूर्वीसारखा, खिडक्या हादरवत.

माझ्या चाळीस पत्रांना मात्र मी हात लावला नाही. आधी रागानं, मग भीतीनं. शेवटी म्हटलं, सगळं वाचून संपेल तेव्हा तीच उरतील, तेव्हा उघडू. लहानपणीही ताटातलं आवडीचं मी शेवटाला ठेवायची, आणि भोंगा ते उचलून पळायचा.

दोन वेळा मीही तारीख मागे घेतली. दर वेळी वाटायचं, ज्या माणसाच्या प्रोग्राममुळे मला माझा भाऊ ऐकू येतोय, त्यालाच मी टोपी घालतेय. भोंग्याला पटो न पटो, मला ते पटेना. शेवटी नोंदणीचा अर्ज कागदावर काढला, माझा जुना टाइपरायटर झाडला, अर्ज एकही खाडाखोड न करता भरला. चालकाचं नाव, भोंगा. बोर्डाचं नाव, पायरी. किती दिवस वापरत आहात, या रकान्यात खरं ते लिहिलं, चार वर्षं दोन महिने. वेगळ्या कागदावर भावाच्या वतीनं माफी मागितली, तो वारल्याचं कळवलं, चेक जोडला आणि स्वतः टपालात टाकून आले. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मला भूक लागली.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, जाड पाकीट आलं. वरच किल्लीची चिठ्ठी आणि एक फ्लॉपी, खाली हातानं लिहिलेलं दोन पानी पत्र. अक्षर असं गिचमिड, की मुंग्या बऱ्या. चाळीस वर्षं टायपिंग शिकवलेल्या बाईला असलं अक्षर म्हणजे शिक्षा. पत्र रविवारी सावकाश वाचू म्हणून मी साखरेच्या डब्याखाली ठेवलं, आणि किल्ली घेऊन कम्प्युटरकडे गेले.

ती ओळ मी तीनदा ताडून पाहत टाइप केली. पडदा क्षणभर कोरा झाला, मग वर आलं: नोंदणीकृत. भोंगा, पायरी. मला इतकं बरं वाटलं. बघ, म्हटलं, झालास की नाही सभ्य माणूस? आणि मग, आता चोरी उरली नाही तर खोटं तरी कशाला, म्हणून कम्प्युटरची तारीख काढली आणि आजची घातली. खरा दिवस, खरा महिना, खरं वर्ष.

रविवारी घरी पाहुणे होते. पत्र डब्याखालीच राहिलं. सोमवारी सकाळी वहीत लिहिल्याप्रमाणे तीन फ्लॉप्यांवर नक्कल घेतली. नेहमी पाऊण तास लागायचा, त्या दिवशी पाच मिनिटांत झालं. मला वाटलं, नोंदणीचा गुण.

संध्याकाळी माझे दहा निरोप वाचायला बसले. सहाशे बारापासून वाचायचे होते. सहाशे बारा नव्हता. सहाशे तेरा नव्हता. पहिलाही नव्हता. आलेल्या माणसांचे दोन दिवसांतले चार-पाच निरोप तेवढे होते. मी बाहेर पडून पुन्हा आत गेले. ताई, तुमच्यासाठी पत्रं नाहीत.

मी घड्याळवाल्यांना फोन केला. काय बोलले आठवत नाही. ते दुकान बंद करून तसेच आले, डोळ्याचं भिंग कपाळावरच राहिलेलं. बराच वेळ कळफलकावर काहीबाही करत राहिले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. हा प्रोग्राम रोज पहाटे सफाई करतो. नव्वद दिवसांपेक्षा जुनं असेल ते झाडून टाकतो. भोंग्याचा महिना कधी सरलाच नाही, त्यामुळे त्याचं काहीच कधी जुनं झालं नाही. मी तारीख खरी केली, आणि एका पहाटेत त्याला चार वर्षं झाली.

"पण फ्लॉप्यांवर नक्कल असेल ना?" ते म्हणाले. "शेवटची कधी घेतलीत?"

"आज सकाळी," मी म्हटलं. "त्याच फ्लॉप्यांवर."

त्यांनी कपाळावरचं भिंग काढून खिशात ठेवलं. मग दबकत म्हणाले, की निरोप परत आणता येतील. फोनचं बिल वाचवायला ते स्वतः आणि आणखी दोघं-तिघं रोज नवे निरोप गठ्ठ्यानं उतरवून घ्यायचे आणि घरी निवांत वाचायचे. ते गठ्ठे त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले आहेत. घड्याळाचा माणूस, काही टाकत नाही. सगळ्यांचे जुळवले तर बहुतेक सगळं मिळेल.

"आणि माझी पत्रं?" मी विचारलं.

"ती फक्त तुम्हाला दिसायची, ताई. ती आमच्याकडे कशी येतील?"

ते गेल्यावर मी साखरेचा डबा उचलला. भिंग लावून अक्षर लावत बसले. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं, की भोंगा गेल्याचं वाचून त्याला फार वाईट वाटलं. माफी कसली मागता, उलट भोंग्यानंच त्याला प्रोग्राममधल्या अकरा चुका शोधून कळवल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी यानं त्याला बक्षीस म्हणून किल्ली फुकट देऊ केली. भोंग्यानं ती घेतली नाही. त्यानं कळवलं, की ज्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता सगळं साफ आहे, तोच महिना मी बोर्डावर धरून ठेवलाय, त्याला पुढे जाऊ द्यायची मला घाई नाही. 'म्हणून तुम्हाला मुद्दाम लिहितो,' असं दुसऱ्या पानावर होतं, खाली दोन रेघा मारून, 'तारीख दुरुस्त करायच्या आधी सफाई बंद करा, नाहीतर सगळं जाईल.' माझा चेक त्यानं पानाला टाचून परत पाठवला होता. शेवटी लिहिलं होतं, ही नोंदणी कधीही संपत नाही.

माझ्या वर्गात पहिल्या दिवसाचा पहिला नियम एकच असायचा. कागद पूर्ण वाचल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. चाळीस वर्षं मी तो पोरींच्या बोटांवर पट्टी मारून शिकवला. आणि भाऊ चोर नव्हता. चोर म्हणणारी मी, त्याचं म्हणणं पाटीवर पूर्ण होऊ दिलं नाही, पडद्यावर वाचलं नाही, आणि शेवटी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. असेल एखादा शब्द, तो मला लागू आहे.

महिन्याभरात घड्याळवाल्यांनी निरोप परत आणले. दोन-तीनशे सोडले तर सगळे आले. पायरीवर पुन्हा भोंग्याचा आवाज घुमायला लागला, लोक खूश झाले, मलाही धीर आला. पण तो आवाज बाजारासाठी होता. बाजारानं तो आधीही ऐकला होता. माझ्याशी तो जे हळू बोलला, आयुष्यात पहिल्यांदाच हळू, त्यातलं मला मीठ तेवढं माहीत आहे. उरलेली चाळीस कशाबद्दल होती, याचा विचार मी भांडी घासताना करते, अंथरुणावर पडल्यावर करते. आणखी तक्रारीच असतील. असू देत. मला चाळीस तक्रारी हव्या आहेत.

सफाई मी बंद केली आहे. भोंग्याचं खातं तसंच ठेवलं आहे, आणि त्या खात्यावर मी त्याला पत्रं लिहिते, दर रविवारी एक, पूर्ण वाक्यात. चालकाच्या पडद्यावर दिसतं, भोंगा यांनी न वाचलेली पत्रं, आणि पुढे आकडा. चार वर्षं माझ्या नावापुढे असाच आकडा वाढत होता, आणि तो ह्याच खुर्चीत बसून रोज बघत होता. काल सव्विसावं लिहिलं. बाळा, आज भाजीत मीठ बेतानं घातलंय, खाऊन सांग.